एका शिंगाचे बैल

"मॅडम, ती लाल रिबिन अजून असते का हो तुमच्या पर्समध्ये?"

हा प्रश्न शर्वाणी विचारणार नाही, अशी पैज झोया आणि प्रचिती या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी लावली होती. "विचारलास तर दहावी संपेपर्यंत तुझं दप्तर मी उचलणार," असं झोया म्हणाली होती. प्रचिती नुसती हसली होती. "ही कसली विचारतेय? थोरात मॅडम समोर आल्या की हिचा आवाज घशातच बसतो." त्या हसण्यानंच काम केलं. शर्वाणी उठली आणि सगळ्या सभागृहाच्या डोक्यांवरून हात लांब करून तिनं माईक मागून घेतला. हात अर्थातच डावा.

प्रसंग मोठा होता. नवउन्मेष शाळेच्या प्राथमिक विभागाच्या मुख्याध्यापिका थोरात मॅडम यांना 'हातांनी शिकवणाऱ्या शिक्षिका' म्हणून जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला होता. गळ्यात हार, हातात नारळ, मागं पडद्यावर चिखलानं माखलेल्या गोड मुलांचे फोटो. निवेदकानं हौसेनं विचारलं होतं, "विद्यार्थ्यांपैकी कुणाला मॅडमना काही विचारायचंय का?" त्याला अपेक्षा असणार यशाच्या रहस्याची. आली रिबिन.

अर्धं सभागृह काही न समजता हसलं. मॅडमसुद्धा हसल्या. "कुठली रिबिन गं, बाळ? माझ्या पर्समध्ये खडू असतात, खडू!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेली शर्वाणीची आई एकदम खाली वाकून स्वतःच्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. शर्वाणीला वाटलं, आपली लाज वाटली तिला.

पण खरा घाव बसला तो मॅडमच्या हसण्याचा. नाकारलं असतं तर एक वेळ चाललं असतं. रागावल्या असत्या तर मजाच आली असती. बाई चक्क विसरल्या होत्या!

शर्वाणी मात्र काहीच विसरली नव्हती. ती डावरी. खडू डाव्या हातात, चमचा डाव्या हातात, प्रसादालासुद्धा डावाच हात पुढं. दुसरीत थोरात मॅडम तिच्या वर्गशिक्षिका होत्या. कार्यानुभवाचा तास लागला, मातीचे गोळे वाटून झाले, की मागून त्यांच्या काचेच्या बांगड्या किणकिणत यायच्या. मग शर्वाणीचा डावा हात हळूच पाठीमागं नेला जायचा आणि बाकाच्या दांडीला लाल रिबिनीनं बांधला जायचा. मारणं नाही, ओरडणं नाही, सगळं गोडीगुलाबीत. "आता बघ, उजवा कसा पळतो ते!" वर्ग खिदळायचा. पुढं पुढं तर बांगड्या वाजल्या की शर्वाणीचा हात आपणहून पाठीमागं जाऊन उभा राहायला लागला. गुन्हेगार जसा न सांगता पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो तसा. ते पाहून मॅडमनी तिला वर्गासमोर शाबासकी दिली होती. ती शाबासकी तिला रिबिनीपेक्षा जास्त झोंबली होती.

कार्यक्रम संपल्यावर सगळे वडे-चहाकडे पळाले. शर्वाणी बाहेरच्या प्रदर्शनाच्या टेबलापाशी थांबली. तिथं उरलेली माती होती. बैलांचा सण बेंदूर जवळ आला होता आणि घरोघरी मातीचे बैल लागणार होते, म्हणून छोट्या मुलांनी नमुन्याला काही बैल करून ठेवले होते. तिनं एक गोळा उचलला आणि रागारागानं मळायला घेतला. पाठ, वशिंड, पाय. मग दोन्ही हातांच्या चिमटीत डोक्याच्या दोन्ही बाजू धरून तिनं दोन्ही शिंगं एकाच वेळी ओढली. डावं शिंग आरशात बघून केल्यासारखं उजव्याच्या जोडीचं.

"परत कर बघू," मागून कुणीतरी म्हणालं.

ते होते सुहास फरांदे. 'करमित्र' प्रकल्पाचे इंजिनिअर, दाढी वाढलेली, तोंडात अर्धा वडा.

"दोन्ही हात एकदम कसे काय चालतात तुझे?"

"एकट्यानं काम केलं की दुसऱ्याला राग येतो, सर," शर्वाणी म्हणाली.

फरांदे सर वडा गिळायचे राहिले.

आता हा करमित्र काय ते सांगायला हवं. पडद्यांवर वाढलेल्या पिढीची बोटं किती आळसावली आहेत, हे सरकारला फार उशिरा कळलं. पहिलीतल्या मुलांना शर्टाची बटणं लावता येईनात, गाठ मारता येईना, कात्री धरता येईना. प्राथमिक वर्गांतले सगळे पडदे काढून टाकले आणि माती, सुतळी, बिया, कापड परत आणलं. पण शिकवणार कोण? बहुतेक शिक्षकांची बोटंही त्याच पडद्यांवर वाढलेली. थोरात मॅडमचं नाव झालं ते यामुळंच. जुन्या काळातले हात असलेल्या त्या मोजक्यांपैकी एक होत्या. पण त्या एकट्या किती शाळा पुरवणार?

म्हणून करमित्र. पातळ हातमोजा आणि कोपरापर्यंत चढणारी पट्टी. आपण बोट हलवतो तेव्हा मेंदू स्नायूंना विजेचे अगदी बारीक इशारे पाठवतो. ज्याचे हात तयार आहेत अशा माणसानं मोजा घालून काम केलं, की पट्टी ते इशारे टिपून ठेवते. कुठला स्नायू, किती जोरात, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, सगळं. हा झाला 'नमुना'. मग तोच मोजा मुलानं घातला, की पट्टी त्याच्या स्नायूंना त्याच क्रमानं हलकेच टिचक्या देते. जबरदस्ती नाही. सायकल शिकवताना मागून सीट धरतात ना, तेवढंच. चार-पाच वेळा असं झालं, की मुलाचा लहान मेंदू, म्हणजे हालचाली सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, ती चाल उचलतो आणि मोजा काढला तरी हात चालतात. एकदा पोहायला शिकलेला माणूस पोहणं विसरत नाही, ते याच मेंदूमुळं.

"अडचण एकच होती," फरांदे सर तिला सांगत होते. "उजव्या हाताचा नमुना डावऱ्या मुलांना चालत नाही, डाव्याचा उजव्यांना नाही. आम्हाला असे हात हवे होते की ज्यात कुणी साहेब नाही आणि कुणी शिपाई नाही. कुठं शिकलीस हे?"

उत्तर द्यायला शर्वाणीनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बांगड्या किणकिणल्या.

"माझीच विद्यार्थिनी हो!" थोरात मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरीत असताना हिच्या दोन्ही हातांवर फार मेहनत घेतलीय मी."

दोन्ही हातांवर! शर्वाणीच्या कानातून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या क्षणी तिचा डावा हात कुठं होता? पाठीमागं. तिला न विचारता गेला होता.

तिथंच, त्या टेबलापाशी, तिनं ठरवलं की या बाईंना त्या रिबिनीची आठवण करून द्यायची. सगळ्यांसमोर. तोंडानं नाही, हातानं.

नमुना द्यायचं काम शाळेच्याच विज्ञान कक्षात सुरू झालं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर शर्वाणी मोजे चढवायची, बैल करायची, आणि फरांदे सर समोरच्या पडद्यावर उठणाऱ्या लाटा बघत बसायचे. बैलांची रांग खिडकीत वाळत पडायची.

"सर, कधी शिंकले किंवा खाज आली तर? ते पण जाणार मुलांच्या हातात?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही गं. म्हणून तर एकच गोष्ट दहादा करून घेतो. शिंक प्रत्येक वेळी त्याच जागी येत नाही. जे प्रत्येक वेळी वेगळं, ते यंत्र गाळून टाकतं. जे प्रत्येक वेळी तस्संच, ते ठेवतं."

"म्हणजे जे परत परत येतं ते कौशल्य?"

"यंत्राच्या लेखी, हो. कौशल्य कुठलं आणि खोड कुठली, ते त्याला कुठं कळतंय!"

शर्वाणीनं मान हलवली. डोक्यात मात्र दिवाळी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणींना गच्चीच्या जिन्यात गाठलं.

"ऐका. बेंदराच्या आधी शिक्षणाधिकाऱ्यांसमोर डेमो आहे. स्टेजवर मोजा घालणार कोण? थोरात मॅडम. माझा नमुना, त्यांचे हात. आता समजा, प्रत्येक वेळी शिंगं ओढायची वेळ आली की मी मनात त्या बांगड्या ऐकल्या. प्रत्येक वेळी. त्याच जागी. काय होईल?"

झोयाचे डोळे मोठे झाले. "तुझा डावा मागं जाणार."

"आणि यंत्र म्हणणार, वा, काय कौशल्य! मग स्टेजवर, हार-बिर घालून, अधिकाऱ्यांच्या पुढ्यात मॅडमचा डावा हात झटकन पाठीमागं. बांधल्यासारखा."

"शर्वे, तू डाकू आहेस," झोया आदरानं म्हणाली.

प्रचिती मात्र नखं खात होती. "पण चुकून लहान मुलांनी घातलं तर?"

"डेमोच्या आधी कुणालाच देत नाहीत. नंतर मी सरांना सांगेन की जरा गडबड झाली, परत करूया. काय कटकट करतेस गं?"

आणि तिनं तसंच केलं. माती, पाठ, वशिंड, पाय. मग दोन्ही हात डोक्यापाशी, आणि मनात किणकिण. डावा हात सपकन मागं. क्षणभर तिथंच. मग पुढं येऊन राहिलेलं शिंग घाईघाईत पुरं. परत माती. परत किणकिण. सुरुवातीला आठवण ओढून आणावी लागली. नंतर नंतर ती बोलवायच्या आधीच दारात हजर.

"मध्येच हात मागं का घेतेस?" फरांदे सरांनी एकदा विचारलं.

"सवय आहे, सर."

सरांनी खिडकीतल्या बैलांकडं पाहिलं. सगळ्यांना दोन-दोन शिंगं, एकदम टेचात. "असू दे. सवयच तर हवीय आपल्याला," ते म्हणाले.

शर्वाणी घरी गेली ती जवळजवळ नाचतच.

डेमोला थोडेच दिवस राहिले असताना, एका संध्याकाळी ती क्लासवरून घरी आली. आई पोळ्या लाटत होती आणि धाकटी स्वानंदी ओट्याशेजारी फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. स्वानंदी दुसरीत होती, नवउन्मेषमध्येच, आणि उजव्या हाताची होती. त्यामुळं घरात तिच्या हातांबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"दिदी, बघ! मला बैल येतो! मोजा न घालता येतो!"

"अरे वा, दाखव."

स्वानंदीच्या बोटांतून पाठ उतरली, वशिंड उतरलं, पाय आले. शर्वाणीच्या अंगावर काटा आला, कारण ती तिचीच बोटं होती. अंगठ्यानं वशिंड दाबायची ती लकब, करंगळी बाजूला ठेवायची ती ढब. मग दोन्ही चिमुकले हात डोक्यापाशी गेले. उजव्यानं शिंग ओढलं. डावा सपकन पाठीमागं गेला.

आणि परत आलाच नाही.

"झाला!" स्वानंदीनं उजव्या हातानं बैल उंच धरला. एकच शिंग. डावीकडं नुसतं टेंगूळ.

"दुसरं शिंग कर की."

स्वानंदीनं बैलाकडं पाहिलं. कपाळाला आठी पडली. खांदा हलला, पण हात मागंच. "ते नाही येत," ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "दिदी, तिथं आलं की मला भीती वाटते. कशाची ते माहीत नाही."

"काल जेवतानाही असंच करत होती," आई लाटणं न थांबवता म्हणाली. "डावा हात मागं ठेवून बसलेली. मी म्हटलं, चला, बरं वळण लागलंय."

शर्वाणी खाली बसली. तिच्या लक्षात आलं काय झालं ते. हात मागं जाणं दरवेळी तस्संच होतं, तिनं मुद्दाम तसं केलं होतं. यंत्रानं ते ठेवलं. पण पुढं येणं? कधी लवकर, कधी उशिरा, कधी चिडून, कधी हसू दाबत. दरवेळी वेगळं. यंत्रानं ते गाळून टाकलं. मागं जायची वाट तेवढी राहिली होती, परत यायची नव्हती.

तिनं वर्तमानपत्रावरचा गोळा ओढला. स्वतः करून बघायला. दोन्ही हात डोक्यापाशी नेले. या वेळी तिनं बांगड्या आठवल्या नव्हत्या. तरी डावा गेला. तिनं त्याला पुढं आणायचा प्रयत्न केला आणि दंडात गोळा आला. लहानपणीची मॅडमची गाठ केव्हाच सैल झाली होती. ही तिनं स्वतः मारली होती, दहा दहा वेळा ओढून.

सकाळी ती दहावीच्या इमारतीकडं न जाता सरळ दुसरीच्या वर्गात घुसली. खिडकीच्या कट्ट्यावर बेंदरासाठी बैल वाळत ठेवले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्यांना एकेक शिंग. जमिनीवर मुलं नवा गोळा घेऊन बसली होती. सगळ्यांचे डावे हात पाठीवर.

आणि थोरात मॅडम कौतुकानं बघत होत्या!

"ये ये, शर्वाणी! बघ तुझी किमया. डेमोत मुलं कच्ची पडायला नकोत म्हणून मी फरांद्यांच्या मागं लागून नमुना आधीच मागवला. काय शिस्त आलीय बघ! न सांगता हात मागं. ते एका शिंगाचं नवीन डिझाईन आहे ना? छान आहे, मॉडर्न."

शर्वाणीला हसू आलं आणि रडू आलं, पण दोन्ही बाहेर यायच्या आत राग पुढं धावला. तिच्यापुढं दोन रस्ते होते. एक, तोंड मिटून बसायचं. डेमो जवळ आला होता. तेवढे दिवस ही पोरं एक शिंग करत राहतील, आणि मग स्टेजवर, हारासकट, तो क्षण येईल, ज्याची ती दुसरीपासून वाट बघत होती. दुसरा, आत्ता सांगायचं. मग डेमो गेला, तिचं नाव गेलं, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जाणारे तिचे हात गेले, आणि बाई सुटल्या.

पहिल्या ओळीत स्वानंदी बसली होती. ती दिदीकडं बघून हसली आणि उजव्या हातानं टाटा केला.

"मॅडम," शर्वाणी म्हणाली, "तुम्ही स्वतः घातलाय का हा नमुना?"

"मला काय गरज? मी आयत्या वेळी घालीन."

"आत्ता घाला."

तिचा आवाज असा होता की मुलांची कुजबुज थांबली. मॅडमनी भुवया उडवल्या, पण बांगड्या वर सारून मोजे चढवले. त्यांना कशाला भीती असणार? मातीचा गोळा घेतला. पाठ झाली, वशिंड झालं, पाय झाले. "अगदी तुझ्यासारखं गं," त्या म्हणाल्या. दोन्ही हात डोक्यापाशी आले.

मॅडमचा डावा हात सपकन पाठीमागं गेला. बांगड्या त्यांच्याच पाठीवर किणकिणल्या.

"मॅडमना पण जमलं!" मुलांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे उजव्या हातानं मांडीवर थापा मारल्या.

मॅडम हसल्या नाहीत. त्या हात पुढं घ्यायला बघत होत्या. मोजा काही त्यांना धरून ठेवत नव्हता, तो तर नुसती टिचकी देऊन मोकळा झाला होता. पण चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. एका शिंगाचा बैल त्यांच्या उजव्या हातात लोंबत राहिला.

"आता आठवली का रिबिन?" शर्वाणीनं विचारलं. किती वर्षं तिनं हे वाक्य घोकलं होतं! आणि ते म्हणताना वाटलं तेवढं गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं.

मॅडम छोट्या मुलांच्या छोट्या बाकावर बसल्या. मग मुलांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "मी विसरले नव्हते."

"त्या दिवशी स्टेजवर तर—"

"स्टेजवर काय सांगणार होते? तुझी आई दुसऱ्या रांगेत बसलेली." त्यांनी मान वर केली. "तुझ्या दोन वेण्यांना दोन लाल रिबिनी होत्या, शर्वाणी. तिसरी कुठनं आली, असं तुला कधी वाटलंच नाही? तुझ्या आईनं आणून दिली होती. इस्त्री करून. म्हणाली, घरी आम्ही दोघं सांगून थकलो, उद्या लोक नावं ठेवतील, तुम्ही तरी वळण लावा."

शर्वाणीला खाली वाकून पर्स उचकणारी आई दिसली. तिनं तोंडात बोटं घातली असती, पण डावा हात मागं होता आणि उजव्यात दप्तर होतं.

मॅडमना वाटलं असेल की आता ही मुलगी ढेपाळेल. क्षणभर ती ढेपाळलीच.

"तिनं दिली," मग ती म्हणाली. "बांधली तुम्ही. आणि शाबासकीही तुम्हीच दिलीत."

मॅडमनी मोजा काढला, मनगट चोळलं, आणि उठून मुलांचे मोजे स्वतःच्या हातानं एकेक करून उतरवायला लागल्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी त्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या. शर्वाणीनं ते पाहिलं. माफ मात्र केलं नाही.

फरांदे सरांना तिनं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. दहादा मुद्दाम केलं हेही. सरांनी खिडकीतला एक बैल उचलून त्याचं डावं शिंग बोटानं चाचपलं.

"मुलांचं जाईल," शेवटी ते म्हणाले. "नवीन आहे, कच्चं आहे. नीट नमुना मिळाला तर हळूहळू जाईल. तुझं किती मुरलंय ते मला सांगता येत नाही. नवा नमुना तुलाच द्यावा लागेल, मुलांच्या हातांना तुझीच चाल लागलीय. आणि त्यासाठी तुझ्या डाव्याला आधी मोकळं व्हावं लागेल. ते मशिनमध्ये होत नाही."

"मग कुठं होतं?"

"जिथं बांधला गेला तिथं, बहुतेक."

शर्वाणीनं त्यांच्याकडून मोज्यांच्या दोन जोड्या मागून घेतल्या. मोठ्या मापाच्या.

त्या रात्रीच्या जेवणाला मसुराची आमटी होती, वांग्याचं भरीत होतं, भाकरी होती. बाबा एसटीची शेवटची फेरी करून नुकतेच आले होते आणि खाकी शर्टातच पाटावर बसले होते. स्वानंदी उजव्या हातानं भाकरी मोडायची धडपड करत होती. एका हातानं भाकरी नीट मोडत नाही, ती ताटभर पळत होती. आई तिच्याकडं बघत होती, पण या वेळी वळण-बिळण काही म्हणाली नाही. शाळेतून थोरात मॅडमचा फोन येऊन गेला होता.

"तू जेवत का नाहीस?" बाबांनी शर्वाणीला विचारलं. "आणि काय ऐकतोय मी, डेमो रद्द झाला? एवढं मोठं काम चालून आलेलं, पोरी, ते असं घालवतात का?"

"आई," शर्वाणी म्हणाली, "ती तिसरी रिबिन कुठल्या दुकानातनं आणलेलीस?"

आईच्या हातातला आमटीचा डाव पातेल्यातच थांबला. "मला वाटलं... सासरी जाशील, चारचौघांत बसशील..." तिनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी भरिताकडं पाहिलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

शर्वाणीनं मोज्यांच्या दोन्ही जोड्या काढून त्यांच्या दोन ताटांशेजारी ठेवल्या. एक आईच्या, एक बाबांच्या. मग तिनं पाठीमागं गेलेला डावा हात खेचला. तो येईना. स्वानंदी डोळे फाडून बघत होती. शर्वाणीनं दात आवळले, खांद्यापासून हिसडा दिला आणि हात पुढं आला. तो तिनं सरळ भाकरीवर ठेवला.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "पोरांसाठी नवा नमुना मी देणार आहे, दोन्ही शिंगांचा. पण जुना पुसू देणार नाही. तो मोठ्यांसाठी राहणार. ज्या घरातलं, ज्या वर्गातलं मूल करमित्र घालणार, त्या घरातल्या आणि वर्गातल्या मोठ्यांनी आधी तो एकदा घालायचा. ही माझी अट आहे. सरांना, अधिकाऱ्यांना, सगळ्यांना. मान्य नसेल तर दुसरे हात शोधा म्हणावं. मॅडमनी सकाळी घातला. आता पुढचा घास घ्यायच्या आधी तुमची पाळी." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भरितात बुडवला. "आणि आजपासून मी याच हातानं जेवणार. बांधायचा असेल तर आत्ताच बांधा. मी बसलेय इथं."